किडा, क्लिअर कोट आणि कोरडं फडकं

दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी येणाऱ्या गाड्या सांगलीत बहुधा रात्री उशिरा पोचतात. ऑफिस सुटल्यावर निघायचं, खंबाटकी ओलांडून साताऱ्याच्या आसपास जेवण उरकायचं, कराड मागे पडलं की पेठ नाक्याला डावीकडे वळायचं आणि आष्ट्यावरून घर गाठायचं. या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आहे. हवेत अजून पावसाळ्याची ओल असते, गाडीचे दिवे प्रखर असतात आणि त्या उजेडाकडे झेपावणाऱ्या जीवांना मोजदाद नसते. सकाळी अंगणात उभ्या गाडीचं बोनेट, बंपर, आरशांची पाठ आणि नंबरप्लेट डागांनी भरलेली दिसते. मग घरातलं कुणीतरी उत्साहाने फडकं घेतं आणि पाहुणे यायच्या आत गाडी लख्ख करायला लागतं.

त्या उत्साहाचे परिणाम दिवाळीनंतर माझ्याकडे येतात. मी सांगलीत गाड्यांच्या रंगाचं काम करतो. सुरुवात डेंटिंग-पेंटिंगपासून झाली. आता मुख्य काम पॉलिशिंगचं, कोटिंगचं आणि कंपनीतून आलेला मूळ रंग टिकवण्याचं. या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. किड्यांमुळे गाडीचा रंग खराब होतो हे खरं, पण त्याहून अधिक तो खराब होतो आपण ते किडे ज्या तऱ्हेने काढतो त्यामुळे. किडा पुसायचा नसतो, भिजवायचा असतो. एवढं ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याला माझ्याकडे यायची वेळ फारशी येत नाही.

आधी हे किडे कोण आणि केव्हा येतात ते पाहू. आमच्या कृष्णाकाठी ते वर्षभर सारखे नसतात. मे संपताना किंवा जूनच्या तोंडाला वळवाचा दणकून पाऊस झाला की जमिनीतून हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात. ऊस आणि भुईमूग करणाऱ्या शेतकऱ्याला हुमणी वेगळी सांगायला नको. तिची अळी मुळं कुरतडते आणि उभा ऊस बघता बघता वाळतो. नदीकाठची हुमणी वेगळी आणि माळावरची वेगळी, अशा तिच्या दोन मुख्य जाती आपल्याकडे आहेत. दिवस मावळला की भुंगेरे कडुनिंब आणि बाभळीवर गोळा होतात. शेतकरी रात्री फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकतात. काही जण शेतात प्रकाश सापळे लावतात. त्याच संध्याकाळी रस्त्यावरून जाणारी गाडीही आपल्या दिव्यांनी हेच भुंगेरे ओढून घेते. शिवाय पहिल्या पावसानंतर वारुळातून पंख फुटलेली वाळवी थव्याने उडते, तिचा थर काचेवर आणि जाळीवर बसतो.

भर पावसाळ्यात जरा उसंत मिळते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चतुर येतात. दिवाळीच्या सुमारास शिराळा आणि पाटणच्या भातपट्ट्यात पीक कापणीला येतं आणि भातावरचे हिरवे तुडतुडे दिव्यांवर तुटून पडतात. बंगालमध्ये हेच किडे कालीपूजेच्या दिवसांत इतके येतात की तिथे त्यांना श्यामापोका म्हणतात. तुडतुडा आकाराने क्षुल्लक, पण शेकड्यांनी बसतो आणि बोनेटच्या पुढच्या कडेवर त्याचा दाणेदार लेप तयार होतो.

थंडीत उडणारे किडे कमी होतात, पण त्यांची जागा दुसऱ्या गोष्टी घेतात. आंबा मोहरला की त्यावरचे तुडतुडे गोड चिकटा सोडतात आणि झाडाखालची गाडी हाताला चिकट लागते. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा असाच चिकटा आणि त्यावर वाढणारी काळी बुरशी शेतकऱ्यांनी फडच्या फड पाहिली. उंच झाडावर किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ असेल तर खाली लावलेल्या गाडीवर मोहरीएवढे पिवळे ठिपके पडतात. ती मधमाश्यांची विष्ठा, परागकणांनी भरलेली. १९८० च्या दशकात आग्नेय आशियात अशाच पिवळ्या ठिपक्यांवरून रासायनिक अस्त्रांचा आरोप झाला होता, आणि मॅथ्यू मेसेल्सन व थॉमस सीली या शास्त्रज्ञांनी तो पिवळा पाऊस मधमाश्यांचा असल्याचं दाखवलं होतं. आपल्याकडे भीती एवढीच, की हे ठिपके उन्हात रंगाला घट्ट धरून बसतात.

आता हे सगळं ज्याच्यावर बसतं त्या रंगाकडे येऊ. आजच्या गाडीच्या पत्र्यावर बहुतेक वेळा चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर. तो देण्यासाठी अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. त्यावर प्रायमर, त्यावर बेस कोट म्हणजे आपल्याला दिसणारा लाल-पांढरा-निळा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी त्या वरच्या थराची असते, आणि ऊन-पावसाचा मारही तोच खातो. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे ज्या थराच्या जिवावर गाडी नवी दिसते तो केसापेक्षाही बारीक आहे.

जुन्या फियाट आणि ॲम्बॅसिडरचा ड्युको रंग असा नव्हता. त्यावर वेगळा पारदर्शक थर नसे. तो रंग निस्तेज झाला की रबिंग करून वरचा भाग घासायचा, खालून ताजा रंग वर यायचा. रबिंगची तीच सवय आपल्या हाताला अजून आहे. आजच्या गाडीवर मात्र प्रत्येक रबिंगला क्लिअर कोटमधले दोन-तीन मायक्रॉन जातात आणि परत येत नाहीत. अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्याच थरात असतात. तो पातळ झाला की काही वर्षांनी टप आणि बोनेटवर पांढुरके चट्टे येतात, पापुद्रे सुटतात. म्हणून मी पॉलिशरला हात लावायच्या आधी जाडी मोजणारं मीटर पत्र्याला लावतो आणि गाडीच्या मालकाला आकडा दाखवतो.

किडा या थराचं नुकसान दोन मार्गांनी करतो. पहिला रासायनिक. कंपनीत दिलेला क्लिअर कोट बहुधा ॲक्रिलिक आणि मेलॅमाइन रेझिनचा असतो आणि तो १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. पेट्रोलच्या एखाद्या थेंबाला तो दाद देत नाही, पण आम्ल, ओलावा आणि उष्णता एकत्र आली की त्याचे बंध तुटायला लागतात. किड्याच्या अंगातला रस ताजा असताना फारसा आम्लधर्मी नसतो. तो उन्हात कुजायला लागला की आम्लं तयार होतात, पोटातली पाचक द्रव्यंही रंगावर पसरतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मे आणि सप्टेंबरमध्ये लव्हबग नावाच्या माश्यांचे थवे हमरस्त्यांवर येतात आणि गाड्यांच्या रंगाची वाट लावतात. तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे की या माशीच्या चिरडलेल्या अंगाचा सामू ६.५ असतो आणि एका दिवसात तो ४.२५ पर्यंत उतरतो. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहा पटींनी वाढली. तेव्हा दोन अंकांहून अधिक उतार म्हणजे दीडशेहून अधिक पट झाली. कालचा डाग आणि आजचा डाग यांत एवढं अंतर असतं.

चतुराची गोष्ट आणखी वेगळी. त्याची मादी पाण्यावर शेपूट टेकवून अंडी घालते. पाणी ओळखायची तिची खूण म्हणजे पृष्ठभागावरून परावर्तित होणारा, आडव्या दिशेने ध्रुवित झालेला प्रकाश. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की लाल आणि काळ्या गाड्यांची चकाकी पाणकिड्यांना पाण्यासारखीच भासते. पांढऱ्या गाड्यांकडे ते कमी येतात. मग मादी बोनेटवरच अंडी घालते. साओ पावलो विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० मध्ये यापुढची पायरी तपासली. अंड्याचं कवच घट्ट होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्याने प्रथिनांमधल्या गंधकयुक्त अमिनो आम्लांची तीव्र आम्लं बनतात आणि तापलेल्या पत्र्यावर ती क्लिअर कोट खातात. ऑक्टोबरमध्ये तळ्याकाठी किंवा नदीकाठी काळी गाडी तासन्‌तास उन्हात उभी करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

भुंगेऱ्याचा डाग दोन दिवस उन्हात राहिला तर धुतल्यावरही जागा शिल्लक राहते. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही. टॉर्चचा उजेड तिरका टाकला की किड्याच्याच आकाराचा उथळ खळगा दिसतो. काठ किंचित वर आलेले, मधला भाग मंद, चकाकी गेलेली. नखाला तो लागत नाही, पण पॉलिशने जाईल की नाही हे खोलीवर ठरतं. आपल्या भागात एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाचं बोनेट सत्तर अंशांपर्यंत तापतं, आणि अशा पत्र्यावर हा खळगा फार लवकर पडतो.

नुकसानीचा दुसरा मार्ग आपल्या हातातून जातो. बोनेटवर वाळलेला भुंगेरा भिंगातून पाहावा. पाठीवरची टणक तपकिरी कवचं फुटून त्यांचे टोकदार तुकडे झालेले असतात. काटेरी पाय आडवे चिकटलेले असतात. मधल्या पिवळट गराचा वाळून पापुद्रा झालेला असतो आणि त्या पापुद्र्यात रस्त्याची बारीक वाळू रुतलेली असते. यावर कोरडं फडकं दाबून फिरवलं की कवचाचे तुकडे आणि वाळू दोन्ही फडक्यात अडकतात आणि पुढच्या प्रत्येक फटकाऱ्यासरशी क्लिअर कोटवर चरे ओढत जातात. हात गोल फिरतो म्हणून चरेही गोल पडतात. काळ्या गाडीवर दुपारच्या उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे बारीक रेषांचं जाळं दिसतं ते बहुतांशी असंच, फडक्याने विणलेलं असतं. त्यात गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची काळी राख रोज पहाटे दवाबरोबर गाडीवर बसते. ती झटकायला ड्रायव्हर सकाळी सहा वाजता कोरडं पिवळं फडकं घेऊन उभा असतो. त्याच्या कष्टात खोट काहीच नाही, फक्त त्याच्या हातात आधी पाण्याची बादली द्यायला हवी.

मग काढायचं कसं? करपलेलं पातेलं आपण रिकामं झाल्या झाल्या घासायला घेत नाही, पाणी घालून बाजूला ठेवतो. इथेही तेच करायचं. गाडी सावलीत घ्यावी. बोनेटवर हाताची पाठ ठेवावी. चटका बसत असेल तर थांबावं, कारण तापल्या पत्र्यावर पाणी आणि शाम्पू लगेच वाळतात आणि त्यांचेच डाग पडतात. पत्रा निवला की जाड मऊ टॉवेल, शक्यतो मायक्रोफायबरचा, कोमट पाण्यात बुडवून निथळत ठेवल्यासारखा डागांवर पसरावा. पाच ते दहा मिनिटं तसाच राहू द्यावा आणि वाळायला लागला तर पुन्हा पाणी ओतावं. उकळतं पाणी नको, हाताला सोसेल इतपतच. दहा मिनिटांनी टॉवेल उचलला की अर्धे डाग त्याच्याबरोबर सुटून येतात आणि उरलेले फुगून मऊ झालेले दिसतात.

यानंतर वरून खालपर्यंत पाण्याचा मारा करावा. प्रेशर वॉशर असेल तर नोझल हातभर लांब आणि तिरकं धरावं. जवळून सरळ मारलं तर दगड लागून आधीच टवका उडालेल्या जागेतून रंग उचलला जातो. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ हातमोजा शाम्पूत बुडवून सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा, आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी साध्या पाण्यात खळबळून काढावा, म्हणजे निघालेली वाळू परत पत्र्यावर जात नाही. एखादा डाग तरीही राहिला तर त्यावर पुन्हा ओला टॉवेल ठेवावा. हात जोराने चालवण्याची वेळ आली याचा अर्थ भिजवणं पुरेसं झालेलं नाही.

किडे काढायची तयार औषधं बाजारात मिळतात. बहुतेक अल्कधर्मी असतात, काहींत प्रथिनं फोडणारी एन्झाइम्स असतात. ती उपयोगी आहेत, फक्त अट अशी की थंड पत्र्यावर मारायची, बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवायची आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुवायची. औषध रंगावर वाळलं तर किड्याच्या डागाशेजारी औषधाचा डाग पडतो. शिवाय अशा औषधाने वॅक्सही निघून जातं, तेव्हा त्या जागेवर नंतर पुन्हा वॅक्स लावावं लागतं.

घरातल्या ज्या वस्तू लोक वापरतात त्यांतल्या बहुतेक टाळाव्यात. भांड्यांची हिरवी घासणी क्लिअर कोटवर एकदा फिरली तरी पॉलिशशिवाय गत्यंतर नसतं. कपड्याच्या पावडरीत न विरघळलेले दाणे राहतात आणि तिचा क्षार रंगाला नि रबराला दोघांनाही मानवत नाही. खायचा सोडाही दाणेदारच. लिंबू आणि व्हिनेगर आम्ल आहेत. आधीच आम्लाने त्रासलेल्या जागेवर आणखी आम्ल कशाला? रॉकेल आणि डिझेलने डाग सैल होतो, पण मागे तेलकट थर उरतो आणि त्यावर धूळ बसते. थिनरला तर गाडीजवळ फिरकू देऊ नये, विशेषतः हेडलाइटजवळ. आजचे हेडलाइट काचेचे नसून पॉलिकार्बोनेटचे असतात आणि त्यांच्यावर ऊन अडवणारा पातळ लेप असतो. थिनर-पेट्रोलने तो लेप जातो, आत केसासारख्या भेगा पडतात आणि रात्रीचा उजेड मंदावतो.

काचेवर किडे फुटले की हात आपसूक वायपरच्या कांडीकडे जातो. कोरडी काच आणि वायपर यांचा संयोग झाला की गर काचभर पसरतो आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या उजेडात काहीच दिसत नाही. रात्री महामार्गावर हा रंगापेक्षा मोठा धोका आहे. वॉशरची टाकी भरलेली ठेवावी, आधी भरपूर पाणी मारावं, मग वायपर चालवावा. पुढच्या जाळीमागे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर असतात. वाळवीच्या पंखांनी त्यांच्या पात्यांमधल्या फटी बुजल्या तर एसी थंड करत नाही आणि इंजिन तापतं. तिथे प्रेशर वॉशर जवळ नेला की पातळ पाती वाकतात. साध्या नळीच्या पाण्याने, शक्य असेल तर आतून बाहेर धुवावं.

धुऊन झालं की गाडी लगेच टिपून कोरडी करावी. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात किती जमीन क्षारपड झाली आहे हे आपण पाहतोच, आणि पूर्वेकडे जत, कवठे महांकाळला बोअरचं पाणी जड. हे पाणी पत्र्यावर वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमची पांढरी वर्तुळं राहतात आणि उन्हात तीही रंगात मुरतात. शेवटचं पाणी तरी गोड्या पाण्याचं असावं. त्या दुष्काळी पट्ट्यात गाडी धुवायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न मला रास्त वाटतो. रोज गाडी धुवा असं मी तिथे कुणाला सांगत नाही. पूर्ण गाडी आठवड्यातून एकदा धुतली तरी चालतं, पण किड्याच्या डागांवर त्याच दिवशी ओला टॉवेल पडला पाहिजे. त्याला दोन तांबे पाणी लागतं.

आता संरक्षणाविषयी. इथे लोकांची फसवणूक बरीच होते, म्हणून स्पष्ट लिहितो. कोणताही लेप लावला म्हणून किडे बसायचे थांबत नाहीत. २०१५ मध्ये नासा आणि बोइंग यांनी अमेरिकेत श्रीव्हपोर्ट इथे एका ७५७ विमानाच्या पंखांवर किडे न चिकटणारे लेप तपासले. पंखावर चिकटलेल्या किड्यांमुळे हवेचा प्रवाह बिघडतो आणि इंधन जास्त जळतं, म्हणून हा खटाटोप. तिथल्या सर्वांत सरस लेपाने किड्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी केलं. विमानाची ही कथा, तर आपल्या बोनेटवर एकही किडा चिकटणार नाही असं वचन कुणी देत असेल तर ते मानू नये. लेपाचं काम एवढंच, की किड्याचा रस आणि क्लिअर कोट यांच्यामध्ये काहीतरी असावं आणि धुताना डाग लवकर सुटावा.

सर्वांत स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे कार्नोबा वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. आपल्या उन्हात ते एक-दोन महिने टिकतं, पण घरच्या घरी लावता येतं. वळवाच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा, निदान बोनेट, बंपर आणि आरशांना ते लागलं तर बहुतेकांना तेवढं पुरतं. पॉलिमर सीलंट त्याहून काही महिने जास्त राहतो. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकावर आधारलेला, रंगाला घट्ट धरणारा एखाद-दोन मायक्रॉनचा थर. त्यावर पाणी थांबत नाही आणि डाग सहज निघतो. पण किडा दोन दिवस ठेवला तर तोही खातो, आणि कोरड्या फडक्याने त्यावरही चरे पडतात. मी स्वतः सिरॅमिक कोटिंग करतो आणि हे प्रत्येक ग्राहकाला काम घ्यायच्या आधी सांगतो. टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे विकलं जातं त्याबद्दल एवढंच सांगतो, की तव्यावर टेफ्लॉन पक्कं बसायला साडेतीनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडीला एवढी उष्णता कुणी देत नाही.

खऱ्या अर्थाने ढाल ठरते ती पीपीएफ, म्हणजे १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक युरेथेन फिल्म. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरची पाती वाळू-दगडांपासून वाचवायला अशी फिल्म वापरली गेली, तिथून ती गाड्यांकडे आली. बारीक चरे उन्हाच्या उबेने तिच्यात भरून येतात. ती महाग आहे, पण अख्ख्या गाडीला लावायलाच हवी असं नाही. नेहमी रात्रीचा महामार्ग करणाऱ्याने नुसता बंपर, बोनेटचा पुढचा भाग आणि आरसे झाकले तरी पैसे सार्थकी लागतात. अपघातानंतर बंपर किंवा बोनेट नुकतंच रंगवलं असेल तर मात्र फिल्म, वॅक्स, कोटिंग काहीच लगेच लावू नये. गॅरेजमध्ये टू-के लॅकर वापरतात. त्यातला थिनर पूर्ण उडायला काही आठवडे जातात आणि तोवर नुसतं पाणीच बरं.

डाग राहून खळगा पडलाच तर? तो उथळ असेल तर बारीक पॉलिशने जातो. खोल असेल तर तो पूर्ण काढायच्या हट्टाने क्लिअर कोट आरपार जाऊ शकतो. अशा वेळी मी मालकाला सांगतो की सत्तर टक्के मिटवू, बाकीचं राहू द्या. कंपनीचा मूळ रंग किरकोळ खुणेसकट ठेवलेला बरा. नव्याने रंगवलेलं बोनेट कितीही चांगलं जमलं तरी कंपनीच्या भट्टीतला टिकाऊपणा त्यात येत नाही.

या व्यवसायात राहून किड्यांबद्दल माझ्या मनात राग साठलेला नाही. डेन्मार्कमध्ये एका पक्षीशास्त्रज्ञाने १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं ठरावीक रस्त्यांवर गाडी चालवून काचेवर आदळलेले किडे मोजले. एका रस्त्यावर ते ८० टक्क्यांनी आणि दुसऱ्यावर ९७ टक्क्यांनी घटले होते. किडे घटले तसे तिथल्या पाकोळ्या-भिंगऱ्याही घटल्या. आपल्या बोनेटवर अजून चतुर आणि भुंगेरे दिसतात, याचा अर्थ आपल्या शेतांत आणि ओढ्यांत अजून जीव आहे. चतुर डास खातो, मधमाशी सूर्यफूल फळवते. त्यांची हानी कमी करणं काही अंशी आपल्या हाती आहे, आणि त्यात रंगाचंही भलं आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. पेठ नाक्यापुढे उसातून जाताना ऐंशीऐवजी साठने गेलं तर बरेच छोटे जीव हवेच्या झोताबरोबर काचेवरून निसटतात. समोर गाडी नसतानाच दिव्याची अप्पर ठेवावी. वळवाच्या पहिल्या संध्याकाळी जमत असेल तर तासभर उशिरा निघावं.

शेवटी एक विनंती, गाडी ज्यांच्या हातून धुऊन घेता त्यांच्यासाठी. वॉशिंग सेंटरवर काम करणाऱ्या पोरांना गाडीमागे पैसे मिळतात आणि दिवाळीत रांग रस्त्यापर्यंत असते. किडे भिजवायला दहा मिनिटं लागतात हे त्यातल्या अनेकांना ठाऊक असतं, पण ती दहा मिनिटं त्यांना कुणी देत नाही. काउंटरवर घाई करणारे आपणच असतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी दिलीत की त्याला सांगा, "बाबा, आधी बोनेटवर ओला टॉवेल टाक, मी चहा पिऊन येतो." आणि त्या दहा मिनिटांचे पैसे वेगळे द्या. रंग वाचवायला मला माहीत असलेल्या सगळ्या उपायांत एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, आणि तो ज्याच्या हाताने व्हायचा आहे त्याच्या हाताला त्याचं मोल मिळायला हवं.